टाच उतरवण्याचा व्यायाम (आल्फ्रेडसन पद्धत)

टाचेच्या मागच्या जाड कंडरेच्या, म्हणजे अकिलीस टेंडनच्या, जुनाट दुखण्यावरचा उपचार. स्वीडनच्या उमेओ येथील अस्थिशल्यविशारद हॉकन आल्फ्रेडसन व सहकाऱ्यांनी तो १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या रांगेत असलेले १५ हौशी धावपटू १२ आठवड्यांत पूर्वीसारखे धावू लागले. त्याआधी कॅनडात स्टॅनिश व कर्विन यांनी असेच व्यायाम दिले होते, पण दुखणे बेताचे ठेवून. आल्फ्रेडसन यांनी दुखत असतानाही भार द्यायला सांगितले, आणि खरा फरक तिथेच आहे.

महिनोन्‌महिने दुखणाऱ्या कंडरेत दाह फारसा नसतो. कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची समांतर मांडणी विस्कटलेली असते. म्हणून नुसत्या विश्रांतीने ठणका थांबला तरी कंडरा कमजोरच राहते आणि धावणे सुरू होताच दुखणे परत उपटते.

जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवायचे, टाचा अधांतरी, हात कठड्याला. चांगल्या पायाच्या जोरावर चवड्यांवर उंच व्हायचे. मग सगळे वजन दुखऱ्या पायावर घेऊन त्याची टाच सावकाश पायरीच्या पातळीखाली उतरवायची. परत वर येताना पुन्हा चांगला पाय. गुडघा ताठ ठेवून १५ वेळा, असे तीन फेरे. तेवढेच गुडघा किंचित वाकवून, कारण तेव्हा पोटरीच्या खोलवरच्या सोलियस स्नायूवर भार येतो. हे सकाळ-संध्याकाळ, म्हणजे दिवसाला १८०, आठवड्याचे सातही दिवस, १२ आठवडे. न दुखता जमू लागले की पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवत न्यायचे.

पहिले एक-दोन आठवडे पोटऱ्या भरून येतात, कंडराही जास्त दुखते; काही जण इथेच सोडून देतात. दुखणे सोसवेल इतपत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरत असेल तर थांबू नये. लंगडावे लागले तर भार कमी करावा. टाच धप्पकन सोडणे ही नेहमीची चूक. वाकलेल्या गुडघ्याचे फेरे गाळणे ही दुसरी.

ही पद्धत कंडरेच्या मधल्या भागासाठी, टाचेच्या हाडापासून साधारण २ ते ६ सेंटिमीटर वरच्या दुखण्यासाठी आहे. कंडरा हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल तर टाच पातळीखाली नेताना कंडरा हाडावर दाबली जाते. अशांनी सपाट जमिनीवरच करावे. रोज १८० वेळा करणे ज्यांना झेपत नाही, त्यांना आठवड्यातून तीनदा जड वजनाने संथ व्यायाम हा पर्याय आहे. २०१५ च्या डॅनिश चाचणीत त्याचा गुण जवळपास सारखाच आला.

धावताना मागून लाथ बसल्यासारखे वाटून चवड्यावर उभेच राहता आले नाही, तर कंडरा तुटलेली असू शकते. सिप्रोफ्लोक्सासिनसारखी प्रतिजैविके घेणाऱ्यांत हा धोका वाढतो. कंडरा तुटल्याची शंका असेल तर हा व्यायाम करू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.