संचकार आणि खरेदीपत्र: बेळगावात जागा फिरवायला उतरण्याआधी

"संचकार झालाय की ओ, आता जागा आपलीच." हिंडलगा, पिरनवाडी, मच्छे, खानापूर, कुठंही जा, जागेचा विषय निघाला की हे वाक्य ऐकू येतं. जागा फिरवायला, म्हणजे घेऊन पुढं विकायला, पहिल्यांदाच पैसे घालणारी पोरं ते मनापासून बोलतात, म्हणून जास्त काळजी वाटते. संचकारानं मिळतो तो मालकाचा शब्द. जागा मिळते खरेदीपत्रानं.

कोल्हापूर-चंदगडकडं ज्याला साठेखत म्हणतात, तोच आपल्याकडचा संचकार. मालक ठरलेल्या दरानं, ठरलेल्या मुदतीत जागा द्यायचं कबूल करतो आणि तुम्ही काही रक्कम आगाऊ देता. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५४ वं कलम सांगतं की अशा करारानं मिळकतीत आपोआप कोणताही हक्क निर्माण होत नाही. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची जागा विकली जाते ती नोंदणी केलेल्या दस्तानं. म्हणजे सब-रजिस्ट्रारसमोर सह्या, फोटो, अंगठे होऊन दस्त नोंदला जाईपर्यंत मालक तोच, जो काल होता.

पण म्हणून संचकार फुकटचा कागद ठरत नाही. मालक फिरला तर त्याच्याच जोरावर कोर्टात करारपूर्तीचा दावा लावता येतो. मात्र मुदत ३ वर्षांची, आणि ती मोजायची खरेदीसाठी ठरलेल्या तारखेपासून. तारीखच लिहिली नसेल तर मालकानं नकार दिल्याचं कळलं त्या दिवसापासून. शिवाय आपण उरलेली रक्कम द्यायला सतत तयार होतो, हे दाखवावं लागतं. बँकेत पैसे नाहीत, एक नोटीससुद्धा पाठवलेली नाही, आणि चार वर्षांनी वकिलाकडं धावलात, तर हाती फारसं लागत नाही.

माझ्या मावसभावानं शहराबाहेर दोन गुंठे असेच संचकारावर धरले होते. सहा महिन्यांची मुदत, नोटरीचा शिक्का. दर वाढला तसं त्यानं तिसऱ्या माणसाशी बोलणं पक्कं करून त्याच्याकडून पैसेही घेतले. खरेदीच्या आठवड्यात मालकाच्या चंदगडला दिलेल्या बहिणीनं सही करायला नकार दिला. तिचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. वडिलार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा कर्नाटकानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये कायद्यात आणला. २००५ ला वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. मावसभावानं तिला आधी विचारलंच नव्हतं. हातात नसलेली वस्तू त्यानं विकायला काढली होती. तिसऱ्याचे पैसे परत करताना वहिनीचे दागिने गहाण पडले. आपल्याकडच्या लेकीबाळी चंदगड, गडहिंग्लज, गोव्यापर्यंत दिलेल्या असतात. संचकाराआधी वारसांची यादी काढा आणि प्रत्येकाची सही संचकारावरच घ्या.

नोटरीच्या शिक्क्याबद्दल फार मोठा गैरसमज आहे. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरी केलेला संचकार ईसीत, म्हणजे जागेवरचे नोंदलेले व्यवहार दाखवणाऱ्या दाखल्यात, दिसत नाही. त्यामुळं ईसी काढली आणि फॉर्म १६ आला, म्हणजे नोंद काहीच नाही, तरी त्या जागेचा दुसऱ्या कुणाशी संचकार झालेला असू शकतो. नोंदलेला संचकार मात्र फॉर्म १५ मध्ये उतरतो आणि पुढच्या माणसाला दिसतो. तुमचा संचकार नोंदवूनच घ्या. खर्च होतो, पण मालकानं तीच जागा दुसऱ्याला दाखवली तर तुमची नोंद आडवी येते. संचकारावर ताबा घेणार असाल तर नोंदणीला पर्यायच नाही. २४ सप्टेंबर २००१ नंतरच्या बिननोंदणीच्या करारावर ताब्याला कायद्याचं संरक्षण मिळत नाही.

लोक संचकारावरच का फिरवतात, तेही समजून घ्यायला हवं. शहर हद्दीत खरेदीला ५ टक्के मुद्रांक, त्यावर उपकर-अधिभार, आणि ३१ ऑगस्ट २०२५ पासून २ टक्के नोंदणी फी. एकूण ७.६ टक्के. ३० लाखांच्या प्लॉटवर हे २ लाख २८ हजार झाले. स्वतःच्या नावावर घेऊन पुन्हा विकायचं तर पुढचा माणूस तेवढेच पुन्हा भरणार, आणि दर पाडूनच मागणार. सरळ वाट अशी की खरेदी तुमच्या किंवा तुम्ही सांगाल त्याच्या नावे करून देण्याचं कलम संचकारातच असावं. मग मूळ मालक शेवटच्या घेणाऱ्याला थेट खरेदीपत्र करून देतो आणि तुम्ही त्यावर संमती देणारा म्हणून सही करता. घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून खरं सांगा: मी मालक नाही, संचकारदार आहे.

"संचकार आणि वटमुखत्यार (पॉवर ऑफ अटर्नी) घ्या, खरेदीसारखंच आहे," असं सांगणारा एजंट भेटला तर उठून या. मुखत्यारपत्रानं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच स्पष्ट केलंय. आणि संचकाराची रक्कम चेकनं किंवा बँकेतून द्या. जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो, आणि पैसे दिल्याचा तुमचा पुरावाही कच्चा राहतो.

खरेदीपत्रालाही मर्यादा आहे. विकणाऱ्याकडं जे होतं तेवढंच ते देतं. जमीन एनए (बिगरशेती) झालेली नसेल तर खरेदीनं ती एनए होत नाही. उताऱ्याच्या ११ व्या कॉलमात बँकेचा बोजा असेल तर तो जमिनीबरोबर तुमच्याकडं येतो.

कागद बहुधा कन्नडमध्ये असतो आणि आपल्यातले कितीतरी जण नुसत्या विश्वासावर सही करतात. कन्नड वाचणाऱ्या घरच्या माणसाकडून तो मोठ्यानं वाचून घ्या. आधी मथळा बघा. 'क्रयपत्र' किंवा 'शुद्ध क्रयपत्र' असेल तर खरेदी. 'क्रय' शब्दाला 'करारु' जोडलेला असेल तर तो संचकारच, मग आत संपूर्ण रक्कम दिल्याचं लिहिलेलं का असेना.