ड्रंक अँड ड्राईव्हचा दंड आणि दारूचं व्यसन, जरा मागे जाऊन बघूया

नुसता दंड वाढवून दारू पिऊन गाडी चालवणं थांबत नाही असं म्हटलं की लोकांना वाटतं मी बेवड्यांची बाजू घेतोय. तसं नाहीये. या कायद्याचा इतिहास बघितला की असंच दिसतं, म्हणून लिहितोय.

मोटारी यायच्या आधीपासून कायदा आहे. ब्रिटनमधे १८७२ सालीच घोडागाडी, घोडा, गुरंढोरं किंवा वाफेचं इंजिन रस्त्यावर घेऊन जाताना कोणी प्यायलेला सापडला तर ४० शिलिंगपर्यंत दंड नाहीतर महिनाभर तुरुंग अशी तरतूद होती. पुढे १८९७ च्या सप्टेंबरमधे लंडनच्या जॉर्ज स्मिथ नावाच्या कॅबवाल्याने आपली इलेक्ट्रिक कॅब एका इमारतीवर घातली, मोटार चालवताना प्यायलेला म्हणून पकडलेला पहिला माणूस तोच धरतात.

खरी पंचाईत होती सिद्ध कसं करायचं याची. डॉक्टर यायचा, तोंडाचा वास घ्यायचा, बोलायला लावायचा, सरळ रेषेवरून चालायला लावायचा. आता रोज पिणाऱ्याचं शरीर दारूला इतकं सरावलेलं असतं की अर्धी बाटली पोटात असतानाही तो रेषेवरून नीट चालून दाखवतो, आणि कधीतरी पिणारा दोन पेगमधेच लटपटतो. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त मदतीची गरज तोच सुटायची शक्यता जास्त!

म्हणून मोजमाप आलं. नॉर्वेने १९३६ मधे रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादाच कायद्यात टाकली, १०० मिलीला ५० मिलिग्रॅम, आणि ती ओलांडली की तुरुंग. १९५४ मधे अमेरिकेत रॉबर्ट बोरकेनस्टाईनने ब्रेथलायझर, म्हणजे श्वासावरून दारूचं प्रमाण मोजणारं यंत्र बनवलं. १९६७ मधे ब्रिटनने ८० मिलिग्रॅमची मर्यादा आणली तेव्हा पोलिसांच्या हातात काचेची नळी असायची, त्यात पिवळे खडे, नळीत फुंकलं आणि खडे हिरवे व्हायला लागले की चला ठाण्यात. सुरुवातीला रस्त्यावरचे मृत्यू चांगलेच कमी झाले. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की आपल्याला थांबवायची शक्यता तशी कमीच आहे आणि परिणाम ओसरत गेला, शिक्षा मात्र तीच होती. याच्या उलट ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्सने १९८२ मधे रस्त्यात कोणालाही थांबवून फुंकायला लावायचं सुरू केलं, जोरात आणि सतत, आणि तिथे फरक टिकला. दंडाच्या आकड्यापेक्षा पकडले जाण्याची खात्री जास्त काम करते.

पण ही भीती बसते ती ज्याला पिणं थांबवणं जमतं त्याला. थॉमस ट्रॉटर या डॉक्टरने १८०४ मधेच लिहिलं होतं की दारूची सवय हा मनाचा आजार आहे, आणि १८४९ मधे स्वीडनच्या मॅग्नस हुसने त्याला अल्कोहोलिझम हा शब्द दिला. मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो, डॉक्टरांनी हे इतकं आधी सांगितलं आणि कायदा कितीतरी वर्षं फक्त दंड आणि तुरुंग एवढंच बोलत राहिला.

व्यसन लागतं कशाने? जुळ्यांच्या अभ्यासातून दिसतं की साधारण निम्मा वाटा अनुवंशिकतेचा आहे. बाकी लहान वयात सुरुवात, लहानपणीचे आघात, डिप्रेशन, झोप येत नाही म्हणून प्यायची सवय, आसपास सगळेच पिणारे. रोज प्यायल्यावर मेंदू स्वतःला दारूच्या हिशोबाने जुळवून घेतो, मग नाही मिळाली की हात थरथरतात, घाम येतो, कधी फिट येते, आणि त्या माणसाला सकाळी उठल्या उठल्या घोट लागतो तो मजेसाठी नाही, हात स्थिर व्हावा म्हणून. आणि त्याच हाताने तो गाडीची चावी घेतो.

१९८६ मधे कॅलिफोर्नियाने कायदा करून इंटरलॉक वापरून बघितलं, म्हणजे गाडीत बसवलेलं यंत्र, त्यात फुंकायचं आणि श्वासात दारू सापडली की गाडी सुरूच होत नाही. गाडीत ते असतं तोवर पुन्हा पकडले जाणारे खूप कमी होतात, काढलं की बहुतेक अभ्यासांत प्रमाण परत वर गेलेलं दिसतं. म्हणून आता काही कोर्ट इंटरलॉकसोबत व्यसनाचे उपचारही सक्तीचे करतात.