महाविद्यालयीन लेखन-अध्यापन: संशोधन आणि सिद्धान्त

महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्यांना लिहायला कसे शिकवावे, ते शिकवता येते का आणि लिहिताना माणूस नेमके काय करतो, या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास करणारी ज्ञानशाखा. अमेरिकेत ती ‘कंपोझिशन स्टडीज’ या नावाने ओळखली जाते. तिचे बहुतेक सिद्धान्त तिथेच घडले, कारण पहिल्या वर्षाच्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्यावर लेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सक्तीचा करण्याची प्रथा जितकी तिथे रुजली तितकी इतरत्र रुजली नाही.

या शाखेचा जन्म एका तक्रारीतून झाला. हार्वर्डने १८७४ पासून प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध लिहायला लावला. चांगल्या घरांतली, चांगल्या शाळांतली मुले त्यात अडखळू लागली, तेव्हा ॲडम्स शर्मन हिल यांच्या पुढाकाराने १८८५ मध्ये ‘इंग्लिश ए’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. शाळांनी आपले काम नीट केले की त्याची गरज उरणार नाही, अशी अपेक्षा होती. ती कधीच पूर्ण झाली नाही; उलट हे प्रारूप देशभर पसरले. वर्णन, कथन, स्पष्टीकरण आणि युक्तिवाद असे लेखनाचे साचे, परिच्छेदरचनेचे नियम, दर आठवड्याला निबंध आणि त्यावर लाल शाईच्या खुणा, असे त्याचे स्वरूप होते. वर्गात तपासला जाई तो पूर्ण झालेला कागद. तो कसा झाला याची चौकशी कोणी करत नसे.

महाविद्यालयीन लेखन शिकवणाऱ्यांची संघटना, ‘कॉन्फरन्स ऑन कॉलेज कंपोझिशन अँड कम्युनिकेशन’, १९४९ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचे नियतकालिक निघू लागले. मात्र संशोधन म्हणावे असे काम उभे राहायला आणखी बराच काळ गेला. रिचर्ड ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांना या क्षेत्राची अवस्था किमयागिरीतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या रसायनशास्त्रासारखी वाटली. व्याकरणाचे औपचारिक पाठ लेखन सुधारत नाहीत आणि प्रत्यक्ष लेखनाचा वेळ खाऊन ते नुकसानही करू शकतात, हा त्यांचा निष्कर्ष आजही अनेकांच्या पचनी पडलेला नाही.

गुणदानाबाबतचे पुरावेही अस्वस्थ करणारे होते. पॉल डीडरिक आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये विद्यार्थ्यांचे ३०० निबंध वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या ५३ वाचकांकडून नऊ श्रेणींच्या मापावर तपासून घेतले. ९४ टक्के निबंधांना नऊपैकी किमान सात वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. म्हणजे एकच निबंध एकाला उत्तम वाटला, तर दुसऱ्याला टाकाऊ. कोणी कल्पनांना गुण दिले, कोणी शुद्धलेखनाला, कोणी मांडणीला. समान निकष ठरवून वाचकांना प्रशिक्षण देण्याची पुढे रूढ झालेली पद्धत याच अडचणीवरचा तोडगा आहे. तिने मतभेद कमी होतात, पण निकषच चुकीचे असतील तर सगळे मिळून एकसारखे चुकतात.

खरे वळण १९७१ मध्ये आले. जॅनेट एमिग यांनी बारावीच्या आठ विद्यार्थ्यांना मनात येईल ते मोठ्याने बोलत लिहायला सांगितले. पाठ्यपुस्तकांत सांगितलेला क्रम, म्हणजे आधी आराखडा, मग लेखन, मग दुरुस्ती, प्रत्यक्षात फारसा दिसला नाही. माणसे पुढे-मागे जात लिहीत होती. पुलित्झर पारितोषिक मिळवलेले पत्रकार-प्राध्यापक डोनाल्ड मरी यांनी १९७२ मध्ये प्रक्रिया शिकवा, उत्पादन नव्हे, असा आग्रह धरला. पीटर एल्बो यांनी पेन न थांबवता, चुकांची पर्वा न करता काही मिनिटे लिहीत राहण्याचा सराव लोकप्रिय केला.

साँड्रा पर्ल यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मात्र या उत्साहाला लगाम घालतो. त्यांनी निरीक्षण केलेले पाच ‘कमकुवत’ विद्यार्थी प्रक्रियेविना लिहीत नव्हते. ते सतत थांबत, मागे जात, शब्द तपासत. चुकीच्या भीतीने इतक्या लवकर दुरुस्ती करत की विचाराचा धागाच तुटे. शिवाय स्वतःचे लेखन वाचताना कागदावर असलेले नव्हे, तर मनात असलेले वाक्य वाचत, म्हणून चूक त्यांना दिसतच नसे. नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० मध्ये नवख्या विद्यार्थ्यांची अनुभवी लेखकांशी तुलना केली. विद्यार्थ्यांच्या लेखी पुनर्लेखन म्हणजे शब्दाला शब्द बदलणे. अनुभवी लेखक पहिल्या मसुद्यातून आपले म्हणणे काय आहे हेच शोधत होते. लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी १९८१ मध्ये या साऱ्याला बोधात्मक प्रतिमानाचे रूप दिले. नियोजन, शब्दांकन आणि परीक्षण या क्रिया एकात एक गुंतलेल्या असतात आणि लिहिता लिहिता उद्दिष्टेही बदलतात, हे त्याचे सार.

चुकांकडे पाहण्याची दृष्टी मुळापासून बदलली ती मीना शॉनेसी यांनी. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने १९७० मध्ये शहरातल्या शालान्त उत्तीर्ण विद्यार्थ्यांना दारे खुली केली, तेव्हा सिटी कॉलेजात असे हजारो विद्यार्थी आले ज्यांनी तोवर फारसे लिहिलेच नव्हते. शॉनेसी यांनी त्यांचे सुमारे ४,००० निबंध अभ्यासले आणि १९७७ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की या चुका गोंधळातून होत नाहीत, त्यांना तर्क असतो. विद्यार्थी अर्धवट कळलेला नियम काटेकोरपणे पाळतो आणि म्हणून चुकतो. या ग्रंथाच्या आधी, १९७४ मध्ये, लेखन-अध्यापकांच्या वर उल्लेखलेल्या संघटनेने विद्यार्थ्यांचा स्वतःच्या बोलीवरचा हक्क मान्य करणारा ठराव केला होता. त्यावरचा वाद अजून शमलेला नाही.

‘हल्लीच्या मुलांना लिहिता येत नाही’ ही तक्रार तपासून पाहण्याइतकी आकडेवारीही आता आहे. दर शंभर शब्दांमागे चुकांचे प्रमाण १९१७ च्या अभ्यासात २.११ होते. रॉबर्ट कॉनर्स आणि अँड्रिया लन्सफर्ड यांनी १९८६ मध्ये गोळा केलेल्या निबंधांत ते २.२६ होते आणि लन्सफर्ड यांच्याच २००६ च्या नमुन्यात २.४५. प्रत्येक अभ्यासाने चूक मोजण्याची रीत थोडी वेगळी ठेवली, तेव्हा दशांशांतल्या फरकावर फार भर देण्यात अर्थ नाही. अधिक बोलका आकडा लांबीचा आहे: १९१७ मध्ये सरासरी निबंध १६२ शब्दांचा होता, २००६ मध्ये १,०३८ शब्दांचा. विद्यार्थी कितीतरी अधिक लिहितात, अधिक अवघड प्रकारचे लिहितात आणि चुकतात साधारण तितकेच.

ऐंशीच्या दशकात लक्ष एकट्या लेखकाच्या डोक्यातून समूहाकडे वळले. डेव्हिड बार्थोलोमे यांचे म्हणणे असे की विद्यार्थ्याला दर वेळी विद्यापीठाची भाषा येत असल्याचा आव आणावा लागतो, आणि त्या आवातूनच ती भाषा हळूहळू येते. एल्बो यांना आधी विद्यार्थ्याचा स्वतःचा आवाज हवा होता. दोघांचा जाहीर वाद गाजला. अनुभवी अध्यापक बहुधा दोघांनाही थोडेथोडे खरे मानून पुढे जातात. कॅरोलिन मिलर यांनी १९८४ मध्ये लेखनप्रकार म्हणजे साचा नव्हे, तर वारंवार येणाऱ्या प्रसंगांतली सामाजिक कृती, अशी मांडणी केली. जॉन स्वेल्स यांनी संशोधन-निबंधांच्या प्रस्तावना कशा बांधल्या जातात हे उलगडले. याच सुमारास सर्व विषयांत लेखन शिकवण्याची चळवळ आणि लेखन केंद्रे वाढली. ब्रिटनमध्ये मेरी ली आणि ब्रायन स्ट्रीट यांनी १९९८ मध्ये शैक्षणिक लेखनातला सत्तासंबंध पुढे आणला.

सर्वांत अवघड प्रश्न संक्रमणाचा आहे: पहिल्या वर्षी शिकलेले पुढे जीवशास्त्राच्या अहवालात किंवा कायद्याच्या टिपणात उपयोगी पडते का? आपोआप फारसे पडत नाही, असे पुरावे सांगतात. म्हणून डग्लस डाउन्स आणि एलिझाबेथ वॉर्डल यांनी २००७ मध्ये सुचवले की सर्वत्र चालणारे ‘सामान्य लेखन’ शिकवण्याचा हट्ट सोडून लेखनाविषयीचे संशोधनच विद्यार्थ्यांना वाचायला द्यावे. शॅरन क्राउली यांनी तर १९९० च्या दशकात या अभ्यासक्रमाची सक्तीच रद्द करण्याची मागणी केली होती. २०२२ च्या अखेरीस मजकूर रचणारी संगणकीय साधने सर्वांच्या हाती आल्यावर जुना प्रश्न नव्या निकडीने उभा राहिला: तयार कागद पाहून लेखकाविषयी काही कळते का? मसुदे आणि टिपणे मागवणाऱ्या वर्गांपाशी त्यावर निदान काही उत्तर होते.

हे सारे संशोधन वर्गात उतरवायला वेळ लागतो आणि तो वेळ अध्यापकाचा असतो. लेखन-अध्यापकांच्या त्याच संघटनेच्या शिफारशीनुसार लेखनाच्या वर्गात २० पेक्षा जास्त विद्यार्थी नसावेत, १५ असतील तर उत्तम, आणि एका अध्यापकाकडे सत्रात एकूण ६० पेक्षा जास्त नसावेत. प्रत्यक्षात हा अभ्यासक्रम मोठ्या प्रमाणावर कंत्राटी अध्यापक आणि पदव्युत्तर विद्यार्थी शिकवतात. अनेक जण एकाच सत्रात दोन-तीन महाविद्यालयांत वर्ग घेतात, आणि एकाच निबंधाचे तीन मसुदे वाचणे त्यांना परवडत नाही.