रिओहा (रेड वाइन)

उत्तर स्पेनमधील एब्रो नदीच्या खोऱ्यात तयार होणारी, ओकच्या पिंपांत मुरवलेली रेड वाइन. ला रिओहा प्रांताबरोबर शेजारच्या आलावा आणि नाव्हारा प्रांतांतील काही भागही या क्षेत्रात येतो. उत्तरेकडची सिएरा कांताब्रियाची डोंगररांग अटलांटिकवरून येणारे गार, ओले वारे अडवते. मुख्य शहर लोग्रोन्यो. धंद्याचे जुने केंद्र मात्र आरो. मुख्य द्राक्ष तेम्प्रानियो. जोडीला उष्ण पूर्वभागातली गार्नाचा आणि थोड्या प्रमाणात ग्रासियानो व मासुएलो वापरतात.

पिंपात मुरवण्याची कला इथे फ्रान्समधल्या बोर्दोहून आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस मानुएल किंतानो याने तो प्रयोग करून पाहिला. पण सगळ्यांची वाइन एकाच भावाने विकली जावी असा स्थानिक नियम आडवा आला, पिंपांचा खर्च निघेना आणि प्रयोग बारगळला. रीत रुजली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मार्केस दे मुरिएता आणि मार्केस दे रिस्काल यांच्या वायनरींपासून. पुढे फायलोक्सेरा या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि फ्रेंच व्यापारी मालाच्या शोधात इकडे वळले. आरोच्या रेल्वे स्थानकाला खेटून १८७७ मध्ये लोपेस दे एरेदिया आणि १८७९ मध्ये कूने या वायनरी उभ्या राहिल्या. माल थेट गाडीत चढवता यावा, हा त्यातला व्यवहार.

बोर्दोचे २२५ लिटरचे पिंप रिओहाने घेतले, लाकूड मात्र बराच काळ अमेरिकेचे वापरले. अमेरिकी ओकमुळे व्हॅनिला आणि नारळाची आठवण देणारा वास येतो. फ्रेंच ओकचा मसालेदारपणा त्यामानाने संयत असतो. आज दोन्ही चालतात. पिंपाचे काम केवळ वास देण्याचे नाही. लाकडातून अगदी थोडी हवा आत जाते, तुरटपणा मवाळ होतो आणि जांभळट रंग हळूहळू विटकरी होत जातो. जुन्या पिंपाला स्वतःचा वास फारसा उरत नाही, तरी हवेचे काम चालूच राहते. मुरत असताना वाइन वरचेवर एका पिंपातून दुसऱ्यात काढतात. काही जुन्या वायनरींत हे आजही हाताने होते: कामगार मेणबत्तीच्या उजेडात काचेतली धार निरखत राहतो आणि गाळ दिसू लागताच थांबवतो. वाइन नितळ करण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक घालण्याची पद्धतही काहींनी टिकवली आहे.

बाटलीमागच्या पट्टीवर मुरवणुकीचा दर्जा छापलेला असतो. लाल पट्टीची क्रियान्सा किमान २ वर्षे मुरते, त्यातले १ वर्ष पिंपात. रेसेर्व्हाला एकूण ३ वर्षे लागतात: पिंपात किमान १ वर्ष, बाटलीत ६ महिने. निळ्या पट्टीच्या ग्रान रेसेर्व्हासाठी एकूण ५ वर्षे, त्यांतली किमान २ पिंपात आणि २ बाटलीत. थांबण्याचा भार वायनरी उचलते. गिऱ्हाईक बाटली घरी नेऊन त्याच दिवशी उघडू शकते. रिओहाचे खरे वेगळेपण हेच. १९२५ मध्ये अधिकृत नामांकन (वाइनवर प्रदेशाचे नाव लावण्याची सरकारी मान्यता) मिळालेल्या या प्रदेशाला १९९१ मध्ये स्पेनमधला सर्वोच्च दर्जा मिळाला. तरी वयापेक्षा जमीन महत्त्वाची, असे म्हणणारे उत्पादक वाढत गेले. आर्तादी ही नामवंत वायनरी तर २०१५ च्या अखेरीस नामांकनातूनच बाहेर पडली. २०१७ मध्ये एकाच बागेच्या वाइनसाठी स्वतंत्र वर्ग मान्य झाला.

सोबतच्या पदार्थांत पहिला मान कोकराच्या कोवळ्या चापांचा. छाटणीत निघालेल्या द्राक्षवेलीच्या काड्या मोळ्या बांधून वाळवतात. त्या पेटवल्या की भराभर जळतात, आणि निखाऱ्यांवर नुसत्या मिठाचे चाप भाजले जातात. त्याबरोबर क्रियान्सा किंवा रेसेर्व्हा घ्यावी. दुसरा घरगुती पदार्थ म्हणजे बटाटा आणि चोरिसो या पाप्रिका घातलेल्या डुकराच्या सॉसेजचा रस्सा. बटाटा पूर्ण कापत नाहीत. सुरी अर्धवट घालून तुकडा मोडतात, म्हणजे पिठूळपणा सुटून रस्सा दाटतो. याला तरुण क्रियान्सा पुरे. ग्रान रेसेर्व्हा नाजूक असते. तिच्यासमोर भाजलेले मांस, अळिंबी किंवा मेंढीच्या दुधाचे मुरलेले चीज ठेवावे. झणझणीत तांबड्या रश्शाबरोबर ती उघडणे म्हणजे पैसे वाया. तिखटाने तुरटपणा आणि अल्कोहोलची धग दोन्ही वाढतात.

वाइन १६ ते १८ अंश सेल्सिअसला वाढावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यासाठी बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावीच लागते. जुनी बाटली आधी उभी ठेवून गाळ तळाशी बसू द्यावा आणि मग सावकाश ओतावी.