निरीश्वर जीवनदृष्टी (बडोदे)

ईश्वर, परलोक आणि पुनर्जन्म न मानता आयुष्याचा अर्थ, नीती आणि विस्मय यांचा शोध घेण्याची वृत्ती व तिच्याशी जोडलेले आचार. बडोद्याच्या मराठी भाषकांत अशी माणसे थोडी. त्यांचा वेगळा पंथ नाही, मठ नाही. दांडिया बाजार, रावपुरा अशा जुन्या वस्त्यांत ती देवघर असलेल्या घरांतच राहतात आणि घरच्या गणपतीच्या आरतीला बहुधा इतरांच्या शेजारी उभीही असतात.

या वृत्तीला परदेशी खूळ ठरवणाऱ्यांनी बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराचे एक प्रकाशन अवश्य पाहावे. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत 1940 साली जयराशी भट्ट याचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ हा संस्कृत ग्रंथ छापला गेला. लोकायतांच्या, म्हणजे ईश्वर आणि परलोक न मानणाऱ्या प्राचीन चार्वाक मताच्या, बाजूची बाकी बहुतेक वचने विरोधकांच्या ग्रंथांतूनच आपल्यापर्यंत आली आहेत; ‘ऋण काढून तूप प्या’ हे त्यांतलेच. जयराशीचा ग्रंथ मात्र सलग हाती लागला. त्याची ताडपत्रावरची पोथी बडोदे संस्थानातल्या पाटण येथील जैन भांडारात शतकानुशतके जपलेली होती, आणि रसिकलाल परीख यांच्यासह ती संपादणारे पंडित सुखलालजी संघवी स्वतः जैन परंपरेतले होते. सोळाव्या वर्षी देवीच्या आजारात त्यांची दृष्टी गेली होती. प्रतिपक्षाचा ग्रंथ इतक्या निष्ठेने सांभाळणे व शुद्ध करून छापणे यात जी नीती आहे, ती आस्तिक-नास्तिक भेदाच्या पलीकडची आहे.

जयराशी चार्वाकच होता की निव्वळ संशयवादी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. इंद्रियांच्या प्रत्यक्ष अनुभवासह सगळीच प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने, तो उलथवून टाकतो. पण शेवटी तो हताश होत नाही. सगळी तत्त्वे कोसळली तरी रोजचे व्यवहार चालतात आणि रमणीयही वाटतात, असे तो म्हणतो. अंतिम आधार सापडला नाही म्हणून जगणे थांबत नाही, या आजच्या निरीश्वरवाद्याच्या अनुभवाला इतके जुने आणि इतके घरचे शब्द क्वचितच मिळतील.

नीतीचा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो : देवाचा धाक नसेल तर माणूस मोकाट सुटणार नाही का? बडोद्याचा इतिहास याला उलट प्रश्न विचारतो. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर 1917 मध्ये येथे नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला घर मिळाले नाही आणि पारशी पथिकाश्रमातूनही हाकलण्यात आले. त्यांना छळणारे देव मानणारेच होते. ज्या कमाटी बागेत त्या सप्टेंबरात ते व्यथित होऊन बसले, तेथे आज त्यांचे स्मारक, संकल्पभूमी, आहे. पुढे त्यांनी जो धम्म मांडला, त्यात इतर धर्मांत देवाला असलेले स्थान नीतीला दिले. चांगले वागायचे ते समोरच्याला वेदना होते म्हणून. वरून कोणी पाहत आहे म्हणून नव्हे. प्रस्तुत लेखकाच्या मते ही भूमिका धाकाच्या नीतीपेक्षा अधिक जबाबदारीची आहे, कारण येथे पापक्षालनाची सोय नाही. दुखावलेल्या माणसाचीच क्षमा मागावी लागते.

विस्मयासाठीही त्याच बागेत जावे. 1894 मध्ये उभ्या राहिलेल्या तेथील संग्रहालयात निळ्या देवमाशाच्या पिल्लाचा सुमारे 70 फुटांचा सांगाडा आहे. पोहण्यासाठी वल्ह्यासारखा झालेला देवमाशाचा पर आतून पाहिला, तर त्यात दंडाचे हाड, त्यापुढे कोपराखालची दोन हाडे, मग मनगट आणि बोटांच्या पेरांची रांग असते. आपल्या हातातही तीच हाडे त्याच क्रमाने असतात. जमिनीवर चालणाऱ्या एका समान पूर्वजाकडून दोघांनाही ती मिळाली. हे कळल्यावर अंगावर येणारा काटा भजनात तल्लीन झालेल्याच्या काट्याहून कमी खरा नसतो.

सणवारांत फारशी अडचण येत नाही. नवरात्रात गरबा खेळताना देव मानतोस का, असे सहसा कोणी विचारत नाही. लग्नाला 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. खरी कसोटी मृत्यूच्या वेळी लागते. ‘पुन्हा भेट होईल’ हा दिलासा निरीश्वरवाद्याकडे नसतो, आणि तो असल्याचा आव आणणे त्याला पटत नाही. त्यातच दहाव्याला कावळा शिवण्याची वाट पाहणारी आई किंवा काकू घरात असतेच. अशा वेळी तत्त्वाचा ताठा धरून तिला दुखावण्यापेक्षा तिच्या सोबत घाटावर जाणे आणि स्वतःच्या देहापुरता निर्णय आधीच लिहून ठेवणे, हा मार्ग अनेकांना योग्य वाटतो. नेत्रदान किंवा वैद्यकीय महाविद्यालयाला देहदान, दिवसकार्याऐवजी स्मृतिसभा आणि त्या खर्चाची रक्कम ग्रंथालयाला किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या शिक्षणाला, असे त्या निर्णयाचे स्वरूप असते. देहदानाचा फॉर्म भरताना जवळच्या नातेवाइकांची संमती घेतली जाते, कारण मृत्यूनंतर देह सोपवायचा असतो तो त्यांनीच. म्हणून ही गोष्ट घरात वेळेवर, मोकळेपणाने बोलून ठेवावी लागते.