समुद्रबर्फातली सूक्ष्म वस्ती : उन्हाळ्यात सापडलेले जीव आणि उशिरा उलगडलेला हिवाळा

ध्रुवीय समुद्रबर्फातल्या सूक्ष्मजीवांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातला मोठा भाग उन्हाळ्यात गोळा झालेला आहे. जहाजे त्याच दिवसांत तिथे पोचू शकत. बर्फात जीव असतात हे १८४० च्या सुमारास कळले, पण ते हिवाळा कसा काढतात हे नीट कळायला पुढची दीडशे वर्षे गेली. या विषयावरचे कोणतेही जुने विधान वाचताना ही तफावत लक्षात ठेवायलाच हवी.

सुरुवात बर्लिनच्या क्रिस्टियान गॉटफ्रीड एरेनबर्गपासून होते. ध्रुवीय बर्फातून आलेल्या नमुन्यांमधल्या डायटमांचे, म्हणजे सिलिकाचे कवच असलेल्या एकपेशीय शैवालांचे वर्णन त्याने १८४१ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच काळात, १८३९ ते १८४३ दरम्यान, जेम्स क्लार्क रॉसची दक्षिण ध्रुवाकडची मोहीम चालू होती. ‘एरेबस’ जहाजावर तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हुकर होता. जहाजाच्या आजूबाजूचा बर्फ जागोजागी तपकिरी दिसतो आणि तो रंग डायटमांचा आहे, हे त्याने नोंदवले. त्याचे नमुने तपासणीसाठी एरेनबर्गकडेच गेले. हुकरचे खरे श्रेय मात्र पुढचे आहे. जमिनीवर झाडझाडोरा जवळजवळ नसलेल्या त्या प्रदेशात प्राण्यांच्या अन्नसाखळीचा पाया हेच सूक्ष्म जीव असणार, हे त्याने ओळखले. डायटम वनस्पती की प्राणी यावर विद्वानांचे एकमत नव्हते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

यानंतरचा अध्याय मला सगळ्यात सुरस वाटतो, कारण त्यात या जीवांनी भूगोलाचा एक प्रश्न सोडवायला मदत केली. सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून १८८१ मध्ये बुडालेल्या ‘जेनेट’ जहाजाचे सामान १८८४ मध्ये ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ सापडले. आर्क्टिकचा बर्फ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहत जातो, असा निष्कर्ष नॉर्वेच्या फ्रित्यॉफ नान्सेनने त्यावरून काढला. पण जहाजाच्या फळकुटांवर सगळेच विश्वास ठेवणार नव्हते. तेव्हा स्वीडिश शास्त्रज्ञ पेर टेओडोर क्लेव्हचे काम त्याच्या मदतीला आले. बेरिंगच्या सामुद्रधुनीजवळ ‘व्हेगा’ या स्वीडिश जहाजाच्या मोहिमेने जमवलेले बर्फावरचे डायटम आणि ग्रीनलंडच्या पूर्वेला वाहत आलेल्या बर्फावरचे डायटम क्लेव्हने ताडून पाहिले आणि दोन्हीकडचा जातिसमूह जुळला. जहाज बर्फात अडकवून त्याच्याबरोबर वाहत जायची आपली योजना १८९० मध्ये मांडताना नान्सेनने हा पुरावाही पुढे केला. त्यानुसार त्याचे ‘फ्राम’ जहाज १८९३ मध्ये मुद्दाम बर्फात अडकवले गेले आणि १८९६ मध्ये सुखरूप बाहेर पडले. वाटेत नान्सेनने बर्फावर साचलेल्या गोड्या डबक्यांच्या तळाचे तपकिरी गोळे सूक्ष्मदर्शकाखाली धरले. त्यात शैवाल होते, इतर एकपेशीय जीव होते, जिवाणूही होते. मात्र या नोंदीही उन्हाळ्यातल्याच होत्या.

बर्फाच्या आत जीव राहतात तरी कुठे, याचे उत्तर बर्फाच्या घडणीत आहे. समुद्राचे पाणी साधारण उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठते, पण मीठ स्फटिकात मावत नाही. ते उरलेल्या पाण्यात साठते आणि बर्फात बारीक नळ्यांचे, कप्प्यांचे जाळे तयार होते. शरद ऋतूत पाण्यात तयार होणारे सुईसारखे स्फटिक वर तरंगताना शैवाल आणि जिवाणू आपल्याबरोबर ओढून आणतात. या नळ्यांमध्ये अडकलेले तेच जीव पुढे वर्षभराची वस्ती करतात. बर्फ उणे पाच अंशांपेक्षा थंड झाला की हे जाळे तुटत जाते आणि खालचे पाणी वर येणे जवळपास बंद होते. उणे वीस अंशांना नळीतल्या पाण्याचा खारेपणा समुद्राच्या सुमारे सहापट होतो. बर्फाचा वरचा थर असा गोठलेला, तर तळाचा थर मात्र समुद्राला टेकून उणे दोनच्या आसपास राहतो. म्हणून आर्क्टिकमध्ये सगळ्यात दाट वस्ती तळाच्या काही सेंटिमीटरांत असते. अंटार्क्टिकात चित्र थोडे वेगळे आहे. तिथे बर्फावर इतके हिम साचते की त्याच्या वजनाने बर्फ दबतो, समुद्राचे पाणी वर चढते आणि वरच्या थरातही शैवाल फोफावते.

अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंडमध्ये जॉन बंट यांनी १९६० च्या दशकात या शैवालांच्या प्रकाशसंश्लेषणाचा अभ्यास सुरू केला, तेव्हा या विषयाला पहिल्यांदा मोजमापाची शिस्त आली. हिम आणि बर्फ ओलांडून पृष्ठभागावरच्या प्रकाशाचा एक टक्काही खाली पोचत नसताना हे शैवाल वाढत होते. पुढे बर्फाचे गाभे काढणे ही नेहमीची पद्धत झाली. पोकळ ड्रिलने काढलेला दंडगोल आडवा ठेवला की वरचा भाग पांढराफेक आणि शेवटची दोनतीन बोटे कॉफीच्या रंगाची दिसतात. पण गाभा तसाच वितळवला तर खाऱ्या पाण्याला सरावलेल्या पेशी अचानक गोड्या पाण्यात येतात आणि नाजूक जाती फुटून जातात. डेव्हिड गॅरिसन आणि कर्ट बक यांनी १९८६ मध्ये हे दाखवून दिले. तेव्हापासून गाभा गाळलेल्या समुद्रपाण्यात सावकाश वितळवण्याची प्रथा पडली. त्याआधीच्या याद्यांमध्ये कडक कवचाचे डायटम जास्त आणि कवच नसलेले जीव कमी दिसतात, याचे एक कारण हेही आहे. जुन्या आकड्यांशी आजचे आकडे सरळ ताडून पाहणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा.

हिवाळ्यात शिरायची सोयही याच सुमारास झाली. १९८६ मध्ये जर्मन संशोधन जहाज ‘पोलारश्टेर्न’ भर हिवाळ्यात अंटार्क्टिकातल्या वेडेल समुद्राच्या बर्फात गेले. २००४ मध्ये कारेन युंगे, हायो आइकेन आणि जोडी डेमिंग यांनी आर्क्टिकच्या हिवाळी बर्फात उणे वीस अंशांनाही काही जिवाणू कार्यरत असल्याचे सिद्ध केले. त्यातले बरेच नळ्यांच्या भिंतींना किंवा कणांना चिकटून होते. काही जीव भोवती चिकट शर्करायुक्त द्रव सोडतात, काही बर्फाच्या स्फटिकांना बांधून ठेवणारी प्रथिने सोडतात. गोठणाऱ्या बर्फात थोडी जागा द्रवरूप राहावी, यासाठीची ही तजवीज आहे. ‘मोझेइक’ मोहिमेत २०१९–२० मध्ये ‘पोलारश्टेर्न’ वर्षभर आर्क्टिकच्या बर्फाबरोबर वाहत राहिले. मार्च २०२० च्या अखेरीस सूर्य जेमतेम क्षितिजावर आला होता. हिमाच्या आणि बर्फाच्या जाड थराखालच्या सूक्ष्मशैवालांनी तेव्हाच वाढ सुरू केली होती. त्यांना मिळणारा प्रकाश उन्हाच्या दिवसातल्या प्रकाशाच्या सुमारे एक लक्षांश होता.

वसंत आणि उन्हाळा मात्र जुने जाणकारही पूर्ण ओळखून नव्हते. जुलै २०११ मध्ये अमेरिकन जहाज ‘हीली’वरच्या केविन अ‍ॅरिगो यांच्या चमूला अलास्काजवळच्या चुक्ची समुद्रात बर्फाखालीच शैवालाचा प्रचंड बहर सापडला. बर्फ पातळ झाला होता, आणि वरची वितळलेली डबकी खिडकीसारखा उजेड आत सोडत होती. २०१२ मध्ये आंत्ये ब्योटियस यांच्या चमूला मध्य आर्क्टिकच्या चार किलोमीटर खोल तळावर ‘मेलोसिरा आर्क्टिका’ या बर्फशैवालाचे गोळे पडलेले दिसले. समुद्रकाकड्या, म्हणजे तळावर राहणारे काकडीच्या आकाराचे प्राणी, ते खात होत्या. त्या सप्टेंबरात आर्क्टिकचा बर्फ ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत आटला. उपग्रहांच्या नोंदीतला तो नीचांक आहे.

या संशोधनात भारताचा वाटा लहान पण खरा आहे, आणि त्याची वाट गोव्यातून जाते. पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. आज या मोहिमांची सूत्रे वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे आहेत. आर्क्टिकमधले ‘हिमाद्री’ केंद्र २००८ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर उघडले, पण तिथली पहिली हिवाळी मोहीम डिसेंबर २०२३ मध्ये निघाली. हिवाळ्याची नोंद उशिरा सुरू होण्याची रीत इथेही चुकलेली नाही.

अंटार्क्टिकात एरवी बर्फ फेब्रुवारीत सुमारे ३० लाख चौरस किलोमीटर आणि सप्टेंबरात १.८ कोटींच्या वर असतो. २०२३ मध्ये या दोन्ही महिन्यांत तो उपग्रहकाळातल्या तोवरच्या नीचांकावर गेला. ज्या शतकांत कोणी मोजायला नव्हते, तेव्हाचा बर्फ कळावा म्हणून आता या जीवांनाच साक्षीला बोलावले जाते. आर्क्टिकच्या बर्फातले मोजके डायटम एक विशिष्ट हायड्रोकार्बन तयार करतात. वसंतात बर्फ वितळला की ते गाळात उतरते आणि हजारो वर्षे टिकते. सायमन बेल्ट यांच्या गटाने २००७ मध्ये त्याला ‘आयपी-२५’ नाव दिले. गाळात ते असेल तर तिथे हंगामी बर्फ होता. नसेल तर दोन शक्यता उरतात : बर्फ मुळीच नव्हता, किंवा इतका जाड आणि कायमचा होता की त्यात शैवाल वाढूच शकले नाही. म्हणून त्याच्या जोडीला खुल्या पाण्यातल्या शैवालांच्या खुणाही त्याच गाळात मोजाव्या लागतात.