जुलैतला ‘अफेलियन’ आणि आपली सर्दी

दरवर्षी जुलै लागला की आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: ‘अफेलियनमुळे पृथ्वी सूर्यापासून 9 कोटी किमीवरून 15.2 कोटी किमीवर जाणार, ऑगस्टपर्यंत थंडी पडणार, सर्दी-तापापासून जपा.’

यातला ‘अफेलियन’ शब्द खरा आहे. पृथ्वीची कक्षा किंचित लंबगोल असल्याने जुलैच्या सुरुवातीला ती सूर्यापासून सर्वांत लांब, सुमारे 15.21 कोटी किमीवर असते; तोच अफेलियन. पण सर्वांत जवळ असते तेव्हाही अंतर 14.71 कोटी किमी असतं. मग 9 कोटी आले कुठून? बहुधा मैलांतून. सरासरी अंतर सुमारे 9.3 कोटी मैल. कुणीतरी मैलांना किलोमीटर समजलं असावं.

आता गंमत बघा. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे येऊरला पहाटे फिरायला जाताना आपण स्वेटर घालतो तेव्हा! ऋतू ठरतात ते पृथ्वीच्या आसाच्या 23.4 अंशांच्या कलामुळे. जुलैतला गारवा ढगांचा आणि पावसाचा.

स्वतः तपासायचंय? पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, सूर्याकडे पाठ करून त्यातून येणारा प्रकाश 2 मीटरवरच्या पांढऱ्या कागदावर पाडा. सूर्याची चकती साधारण 18 ते 19 मिमी भरेल, जानेवारीत आणि जुलैतही (ऊन पडलंच तर). अंतर कधी 9 कोटी किमी असतं, तर हीच चकती 31 मिमीची दिसली असती.